काटा खाली असतानाची गोळी

"मग या एकोणीस गोळ्या आल्या कुठून?" तिनं पाकीट टेबलावर आपटलं. "एक तारखेला तीस आणल्या. आज सव्वीस. चार उरायला हव्यात. का डब्यात पिल्लं घालतात त्या?"

नवरा शांत होता. तो शांत असला की तिचं डोकं आणखी फिरायचं. त्यानं चष्मा पुसला, खणातून निळी वही काढली आणि तिच्यासमोर उघडून ठेवली. ठसठशीत अक्षरात तारीख, वेळ, ब्लड प्रेशरचे वरचा आणि खालचा असे दोन आकडे, आणि शेवटच्या रकान्यात 'घेतली' किंवा 'गरज नाही'. महिन्याभरात 'घेतली' अकरा वेळा. बाकी सगळं 'गरज नाही'.

"आकडा बरोबर आहे," तो म्हणाला. "अकरा घेतल्या, एकोणीस उरल्या."

डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितली होती, याची तिनं आठवण करून दिली. त्यावर तो नव्या माणसाला काम शिकवावं तशा धीरानं समजावू लागला. बॉयलरचा काटा लाल रेघेजवळ गेला की वाफ सोडायची असते. काटा खाली असताना वाफ सोडणारा माणूस बॉयलरवर ठेवत नाहीत, कारण खालच्या मशिनी थंड पडतात. तो रोज सकाळी दंडाला पट्टा बांधून काटा बघत होता. वर असला तर गोळी. खाली असला तर कशाला उगीच?

स्वयंपाकघरातून वन्संनी भावाची बाजू घेतली. गोळ्यांनी आतडी जळतात असं त्यांचं म्हणणं होतं. कोणाची जळली ते त्यांनी सांगितलं नाही.

"बाबा, तुम्ही बॉयलर नाही," लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

"तेच तर. बॉयलरकडे बघायला मी आहे. माझ्याकडे बघायला तुम्ही तिघी आहात. तीन पाळ्या."

लेक हसली, वन्सं हसल्या. ती हसली नाही. पाकीट उचलून तिनं शिलाईच्या खोलीचं दार लावून घेतलं, आणि पुढचे दोन दिवस घरात तिच्या मशिनचाच काय तो आवाज होता.

तिच्या रागाखाली भीती होती, आणि त्या भीतीला चेहरा होता. तिचे मोठे दीर बावन्नाव्या वर्षी दाढी करता करता बेसिनपाशी कोसळले होते. बाहेरच्या खोलीत तीन वर्षं पडून होते. दर दोन तासांनी ती आणि वन्सं त्यांना कुशीवर वळवायच्या. घरात सगळ्यात मोठ्यानं हसणारा माणूस, त्याला चमच्याला काय म्हणतात ते आठवायचं नाही आणि मग तो रडायचा. त्यांनाही प्रेशरची गोळी दिलेली होती, आणि त्यांनाही मधूनमधून 'आता बरं वाटतंय' असं व्हायचं आणि गोळी राहून जायची. तेव्हापासून नवरा जेवायला बसला की ती चोरून बघायची, त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात ना.

एवढं असूनही, त्याला हट्टी म्हणून मोकळं व्हावं, तर तेही तिला जमत नसे. माणूस तसा नव्हताच.

तो एका मोठ्या धुलाईखान्यात बॉयलर सांभाळायचा. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. बॉयलर वरच्या बाजूला वेगळ्या खोलीत होता, आणि तिथून येणाऱ्या वाफेवर खाली धुण्याची, वाळवण्याची, इस्त्रीची सगळी यंत्रं चालत. फावड्यानं कोळसा टाकण्यापासून त्यानं सुरुवात केली होती. ऑपरेटरच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाला, तेव्हा तो घरी येऊन जेवला, झोपला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं तेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं. ती त्या वेळी तिथेच फाटक्या चादरी शिवायच्या टेबलावर होती. जेवायच्या सुट्टीत हा माणूस जिन्यावर बसून ओठ हलवत पाठ करायचा. तिला आधी वाटलं, जरा कमी असावा. मग लग्नच केलं.

बर्नर तो कानानं ओळखायचा. आवाज जरा बदलला की हातातला घास ठेवून उठायचा, आणि दर वेळी काहीतरी निघायचंच. पण त्याची खरी ख्याती वेगळीच होती. बॉयलरच्या खोलीत एक लॉगबुक असे. दर तासाला पाण्याची पातळी, प्रेशर, तापमान लिहायचं. बहुतेक ठिकाणी लोक पाळी संपताना एका बैठकीत आठ तासांचे आकडे भरून टाकतात. यानं एकतीस वर्षांत एकही आकडा न बघता लिहिला नव्हता. एकदा त्याला पाच मिनिटं डुलकी लागली, तर त्यानं तीही लिहिली होती. तेव्हाच्या मॅनेजरनं त्याला बोलावून विचारलं, अहो, हे कशाला लिहिलंत? तर म्हणाला, झालं होतं म्हणून.

हाच स्वभाव घरात आला की सोसायला कठीण जाई. गॅसच्या टाकीवर तारखेची चिठ्ठी, पाण्याच्या फिल्टरवर चिठ्ठी, लेकीच्या लहानपणी तिच्या पडलेल्या दातांची यादी. सासरी आल्यावर पहिल्या वर्षी ती वन्संना म्हणाली होती, माझ्यावर चिठ्ठी लावली की मी निघाले. वन्संनी ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. तेव्हापासून त्या दोघींचं बरं जमलं.

गोळ्यांवरून झालेल्या भांडणानंतरचा मंगळवार. सकाळच्या पाळीला गेलेला नवरा तीन वाजता घरी आला, जेवला आणि बाल्कनीच्या दाराच्या बिजागरीला तेल घालत बसला. ती पडद्याची किनार दुमडत होती. पाच वाजता फोन वाजला. धुलाईखान्याच्या मॅनेजरीणबाई होत्या. दिवसाअखेरी लॉगबुकावर सही करायला त्यांनी ते उघडलं होतं.

"मी वाचून दाखवते," त्या म्हणाल्या, "कारण मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाहीये. 'सात दहा. ऑपरेटरचा उजवा हात कामातून गेला. बोलणं अडखळलं. सात बावीस. पूर्ववत. पाण्याची पातळी बरोबर. प्रेशर बरोबर.' खाली त्यांची सही आहे. नऊ वर्षं मी या बुकावर सह्या करतेय, कधी दोनदा वाचावं लागलं नव्हतं. ते घरी आलेत ना?"

हातातली सुई तिनं पडद्यात तशीच खोचली आणि बाल्कनीत गेली.

"सकाळी काय झालं?"

"बुकात लिहिलंय."

"मी बुक वाचत नाही. मी तुमची बायको आहे."

तेलाची बुधली खाली ठेवून तो बिजागरीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, बारा मिनिटंच होतं. पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी दिसत होतं, पण हाताला पाना धरता येईना. तोंडातून शब्द निघाला तो भलताच. मग आपोआप सुटलं. घरी सांगून कोणाला घाबरवायचं नव्हतं, पण बुकात न लिहिणं त्याला जमलं नव्हतं.

वन्सं पाठीमागे येऊन उभ्या होत्या. आता बरा दिसतोय ना, चहा घेऊ दे, थोडा पडू दे, उद्या सकाळी जाऊ, असं त्या म्हणाल्या. त्यांची नजर मात्र त्याच्या उजव्या हातावर होती, कारण बाहेरच्या खोलीतली ती तीन वर्षं त्यांचीही होती.

"चहा नाही, पाणी नाही, पडणं नाही," ती म्हणाली. "वन्सं, तुमची चप्पल घाला. तुम्हीही येताय."

बरं झालं म्हणजे टळलं नाही, हे तिला ठाऊक होतं. चेहरा वाकडा झाला, हात पडला, बोलणं लडबडलं, यांतलं एक जरी झालं आणि दोन मिनिटांत जरी गेलं, तरी त्याच क्षणी निघायचं, असं दिरांच्या डॉक्टरांनी त्या वेळी सांगितलं होतं. उशिरा सांगितलं होतं, पण ती विसरली नव्हती. दहा तास तर आधीच वाया गेले होते.

इस्पितळात तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या होत्या. हे किती वाजता झालं, असं विचारल्यावर त्यानं 'सात दहा ते सात बावीस' असं सांगितलं, तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता वर बघितलं. लोक 'सकाळी कधीतरी' म्हणतात, असं त्या म्हणाल्या. प्रेशर वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर निघालं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत बारीकशी गुठळी अडकली होती आणि नशिबानं सुटली होती. याला इशारा समजायचं, त्या म्हणाल्या. खरा झटका बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच येतो, म्हणून आता घरी सोडणार नाही.

मानेवर यंत्र फिरवून त्यांनी पडद्यावर रक्तवाहिनी दाखवली. एका बाजूला आतून काहीतरी चिकटलेलं दिसत होतं.

"हा थर आहे का?" त्यानं विचारलं.

"हो. वर्षानुवर्षं जमत आलेला."

"किती मिलिमीटर?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ती शेजारी उभी होती, आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय ते तिला बरोबर कळलं. दर वर्षी बॉयलर थंड करून उघडतात, तेव्हा हा माणूस आत शिरून नळ्यांवरचे क्षार छिन्नीनं फोडायचा. घरी आला की केसांत पांढरी भुकटी असायची. एवढासा थर, म्हणायचा, नखाएवढा, पण नळी फुटते ती त्याच्यामुळे, आणि फुटेपर्यंत काट्यावर काही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं लेकीला निळी वही आणायला सांगितली. पलंगावर उशीला टेकून तो पेन्सिलीनं आकड्यांखाली टिंबं काढत बसला. मग टिंबं जोडली. गोळी घेतली की दोन दिवसांनी रेघ उतरायची, उतरली की 'गरज नाही', की दोन-चार दिवसांत पुन्हा वर. पानभर दातेरी करवत तयार झाली. त्या दात्यांवरून तो पेन्सिलीचं टोक फिरवत राहिला. ती पलंगाशेजारी सफरचंद कापत होती. तिनं ठरवलं होतं, एक शब्द बोलायचा नाही. बोलायला तोंडात शंभर होते.

"पाण्यात औषध मी रोज सकाळी घालतो," शेवटी तोच म्हणाला. "क्षार धरू नयेत म्हणून. एकतीस वर्षं. काटा बघून कधी घातलं नाही."

"हं," ती म्हणाली.

"ही गोळी म्हणजे वाफ सोडणं नव्हे. ते पाण्यातलं औषध आहे." त्यानं वही मिटली. "हे पान दुसऱ्या कोणाच्या बॉयलरचं असतं, तर त्याला मी त्याच पाळीला घरी पाठवला असता."

एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं चूक कबूल केली की आपण काय काय ऐकवायचं, याची तिनं मनात पुष्कळ तयारी केलेली होती. प्रत्यक्षात तिनं त्याला सफरचंदाची फोड दिली. स्वतःला पकडायला कोणी नसताना स्वतःलाच पकडून देणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता.

सहाव्या दिवशी घरी आला तो तीन प्रकारच्या गोळ्या घेऊन. एक प्रेशरची, एक रक्त पातळ ठेवणारी, एक तो थर वाढू नये म्हणून. वहीतला 'घेतली', 'गरज नाही'चा शेवटचा रकाना त्यानं पट्टी लावून खोडला. प्रेशर आता आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, आणि गोळ्या आकडा काहीही असो, सकाळी आठ आणि रात्री नऊ. एखादी बंद करावीशी वाटली तर आधी डॉक्टरांना विचारायचं, हे त्यानं पहिल्याच पानावर लिहिलं. धुलाईखान्यामागे उभं राहून तो दिवसाला तीन सिगारेटी ओढायचा, हे तिला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याही वहीत आल्या. 'आज एक.' 'आज शून्य.' एकदा 'आज एक, मागून घेतली.' ती नोंद वाचून तिला हसू आवरेना. चोविसाव्या दिवसापासून मात्र शून्य, शून्य, शून्य. सकाळी तो फिरायला निघायचा ते असा झपझप, की तिला मागून 'अहो, गाडी पकडायचीय का' म्हणावं लागे.

मिठावरून मात्र जुंपली. वन्संच्या हाताला चव होती, आणि ती चव निम्मी मिठाची होती, हे आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. त्यानं आपल्या या आक्काला उपदेश केला नाही. रोज सकाळी चौघांचं मिळून सपाट तीन चमचे मीठ वाटीत काढायचं, एवढंच ठरवलं. वाटी संपली की संपली. पहिले चार दिवस वन्संनी दुपारपर्यंत वाटी उडवली, आणि रात्रीची भाजी अळणी झाली की बाजारातल्या मिठाला नावं ठेवली. पाचव्या दिवशी अर्ध्या वाटीवर झाकण ठेवलेलं दिसलं. लिंबू जास्त पिळलेलं होतं. सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

स्वतःचा दंड पुढे करायला वन्सं तीन आठवडे तयार नव्हत्या. मला काय धाड भरलीय, म्हणायच्या. एका दुपारी घरात दुसरं कोणी नाही असं बघून त्या भावासमोर बसल्या आणि डोळे मिटून हात पुढे केला. एकशे ब्याऐंशी. त्यानं पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं, वहीत आक्काचं पान सुरू केलं आणि त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. आता आठ वाजता बहीण-भाऊ समोरासमोर बसून आपापली गोळी घेत आणि लहान मुलांसारखं तोंड उघडून एकमेकांना दाखवत. आतडी जळतात हा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

दहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी काम करायला हरकत नाही असं पत्र दिलं. प्रेशर स्थिर होतं. मॅनेजरीणबाई दोनदा घरी येऊन गेल्या होत्या. बदलीचा माणूस भला होता, पण बर्नर बिघडायच्या आधी त्याला कळायचं नाही, बिघडल्यावरच कळायचं. त्या म्हणाल्या, दादा, तुम्ही नुसते खोलीत बसलात तरी चालेल.

घरात दोन तट पडले. वन्संना तो कामावर जायला हवा होता. पुरुष माणूस घरात राहिला की मिठाच्या वाटीत बघतो. लेक म्हणाली, अजिबात नाही. आणि तिला स्वतःला काय हवंय, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. बॉयलरच्या खोलीत तो एकटा असे. हात पुन्हा गेला तर बघायलाही कोणी नाही, या विचारानं तिची शिवण चुकायची. पण शेगडीवरच्या कुकरचा आवाज ऐकून बाहेरच्या खोलीतूनच 'गॅस जरा कमी कर' सांगणारा नवरा ती रोज बघत होती. बॉयलर काढून घेतला तर त्याच्यातलं किती उरेल, हे तिला सांगता आलं नसतं. दुसरा माणूस सोबत मिळत असेल तर जा, असं ती म्हणाली. दोन माणसं ठेवायला धुलाईखाना तयार नव्हता.

पत्र हातात घेताना त्यानं डॉक्टरीणबाईंना एकच प्रश्न विचारला. ती तेव्हा शेजारच्या खुर्चीवर होती.

"पुन्हा होणार नाही, असं यात लिहून द्याल का?"

"धोका खूप कमी झालाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही कमी केलाय. पण अजिबात नाही, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल."

"बरोबर," तो म्हणाला, आणि पत्राची घडी खिशात घातली. त्या उत्तरावर तो खूश झाल्यासारखा दिसला, याचा अर्थ तिला शनिवारपर्यंत लागला नाही.

शनिवारी सकाळी आठची गोळी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून तो पत्रासकट धुलाईखान्यात गेला. घरात तिघींनी आपापल्या परीनं वाट बघितली. वन्संनी कांदे गरजेपेक्षा जास्त चिरले, लेकीनं कपाट लावलं, आणि तिनं एकच शिवण दोनदा उसवली. साडेअकराला तो परत आला. चपला काढल्या, पाय धुतले आणि टेबलाशी येऊन उभा राहिला. बसला नाही.

बॉयलरच्या खोलीखाली इस्त्रीच्या यंत्रांवर चौदा बायका असतात, असं त्यानं सांगितलं. त्या दिवशी बारा मिनिटं त्याचा हात गेला, आणि पाणी नळीत होतं म्हणून ठीक. नसतं, तर पंपाचा व्हॉल्व्ह उघडायला हात नव्हता, आणि पाणी संपलेला बॉयलर फुटतो. बदलीच्या माणसाचा कान दोन महिन्यांत तयार होईल. तोवर दिवसातून एकदा तो स्वतः वर जाऊन त्याला आवाज ऐकायला शिकवेल, पण त्याच्या सोबतीनं, एकटा नाही.

वन्सं काहीतरी म्हणणार होत्या. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"सोमवारपासून मी बॉयलरवर उभा राहणार नाही," तो म्हणाला. "खाली कपडे देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसेन. सांगून आलोय."